डोळ्यांवरचे हात

ऐरोली, बुधवार

नवी मुंबईला प्रवासाला जाऊन आलो असं सांगितलं की कराडात लोक माझ्याकडे जरा दयेने बघतात. आमच्याकडे घरटी एक माणूस तिकडे असतो. कुणी मार्केटात पोती वाहतो, कुणी कंपनीत आहे, कुणाची मुलगी दिलेली असते. तिकडे कामाला जायचं, दवाखान्यात कुणाला बघायला जायचं. प्रवासाला जायचं ते महाबळेश्वरला. पण मी जिथे चार दिवस राहून आलो ते ठिकाण मला तरी महाबळेश्वरपेक्षा फार लांबचं वाटलं, आणि तिथली हवा जास्त गार होती. दिवाळीआधीचा चिकट उकाडा असतानासुद्धा.

बोलावणं आलं होतं बेन्याचं. बेन्या म्हणजे बेंजामिन, चित्रकलेच्या कॉलेजातला माझा जोडीदार. तो बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला मराठी यहुदी. यांच्या पूर्वजांचं गलबत म्हणे अलिबागजवळ फुटलं. वाचले त्यांनी तिथेच तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. बेन्याचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं, शिव्या तर फारच चांगल्या. कॉलेज संपल्यावर तो चित्रकार झाला आणि मी शाळेत चित्रकलेचा शिक्षक झालो. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते या प्रवासात मला कळलं.

फोनवर तो म्हणाला, "दिन्या, रिबा रविवारी चालली. इस्रायलला, अश्दोदला, मामाकडे. कायमची. एक मोठं चित्र तळोज्याहून घरी आणायचंय, हात लावायला ये. शुक्रवारी संध्याकाळी तिने त्या चित्रासमोर दिवे लावावेत, एवढंच मला हवंय."

"मग लावेल की."

"नाही म्हणते. सारा गेल्यापासून या घरात शुक्रवारचा दिवा लागलेला नाही."

सारा त्याची बायको, रिबाची आई. गेल्या वर्षी गेली, हृदयविकाराने, एवढंच मला माहीत होतं.

खाडीकडेच्या एका नव्या टॉवरमध्ये तो राहतो. इमारत उंच, पण निम्मे फ्लॅट विकले गेले नव्हते. लिफ्ट मधल्याच एका मजल्यावर आपोआप थांबली, दार उघडलं, समोर लांबलचक रिकामा पॅसेज, सगळ्या दारांना प्लास्टिक गुंडाळलेलं. वाऱ्याने ते प्लास्टिक फुगत होतं, बसत होतं. कुणीच आत आलं नाही. तरी मी सवयीने कोपऱ्यात सरकून जागा करून दिली.

बेन्याच्या दारापाशी पोचलो. उजव्या चौकटीवर तिरकी बसवलेली, बोटाएवढी चांदीची नळी होती. मी ती दाबली. आवाज आला नाही. जोरात दाबली. मग दोन्ही अंगठ्यांनी. दार उघडलं तेव्हा मी नळीला लोंबकळायच्याच बेतात होतो.

"काका, बेल डावीकडे आहे," दारातली मुलगी म्हणाली. "ती मेझुझा आहे. आत देवाचं वचन असतं, लिहिलेलं. हात लावून बोटं ओठांना लावायची असतात. दाबायची नसते."

ही रिबा. ऐरोलीतच एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, नुकताच राजीनामा दिलेला. दिसायला सारासारखी, पण हसणं अर्ध्यावर थांबवायची, जणू आतल्या खोलीत कुणी झोपलंय.

घरात सगळीकडे बेन्याची चित्रं. एकात हिब्रू 'शीन' अक्षर होतं, तीन फाटे वर गेलेले. जरा वेळ पाहिलं की अक्षर दिसेनासं व्हायचं आणि चिखलात रुतलेल्या गलबताच्या तीन डोलकाठ्या दिसायच्या. दुसऱ्यात उघडा पंजा, नजर लागू नये म्हणून त्यांच्यात असतो तो, पण तळव्यावरच्या रेषांच्या जागी खाडीचे फाटे काढलेले. बेन्या रंगात खाडीचा गाळ आणि मिठागरातलं मीठ मिसळतो. त्यामुळे दमट हवेत त्याच्या चित्रांना घाम येतो. मी पंज्याला बोट लावलं तर बोट ओलं झालं. चाखून पाहिलं. खारट.

"प्रत्येक गोष्ट तोंडात घालायची सवय गेली नाही तुझी," बेन्या म्हणाला.

ते त्याने बरोबर ओळखलं होतं, कारण संध्याकाळी मलिद्याच्या वेळी मी तेच केलं. मलिदा म्हणजे गोड पोहे: ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, आणि ताटात बाजूने फळं. घरातलं कुणी लांब जायचं असलं की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. आमच्याकडे सत्यनारायण घालतात तसंच म्हणा. फरक एवढाच की आमच्याकडे पोथी चालू असताना माणसं गप्पा मारतात आणि इथे प्रत्येक फळाला वेगळा आशीर्वाद म्हणून मगच ते खायचं असतं. हे मला कळलं तेव्हा माझं अर्धं केळं घशाखाली गेलेलं होतं.

"काका, तुम्ही देवाच्या आधी जेवलात," रिबा म्हणाली आणि हसली. पूर्ण हसली. बेन्या माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की मी आणखी दोन केळी खायला तयार झालो असतो.

पण मग तिचं लक्ष जेवणाच्या टेबलाजवळच्या एका खुर्चीकडे गेलं आणि हसू तिथेच थांबलं. ती खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

त्या भिंतीकडे पाहताना मला आणखी काही दिसलं. मुख्य दारासमोरच, रंगवलेल्या गुळगुळीत भिंतीत एक हातभर चौकोन बिनगिलाव्याचा. विटा उघड्या. "बिल्डरने फसवलं रे तुला," मी म्हणालो. "सोसायटीत तक्रार टाक."

"राहू दे," बेन्या म्हणाला.

त्याने राहू दे म्हटलं आणि मी राहू दिलं, म्हणजे विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

तळोजा, गुरुवार

बेन्याचा स्टुडिओ म्हणजे तळोज्यातल्या कारखान्यांच्या मागच्या बाजूचा एक गाळा. आधी तिथे कसलीतरी पिंपं ठेवायचे. हवेत असा वास की नाकातला केस न् केस मोजून घ्यावा. रस्त्यावर टँकर, धूळ, आणि गाळ्याचं शटर वर केल्याबरोबर आत एकदम शांत. इतकी शांतता की मी हळू बोलायला लागलो.

समोरच्या भिंतीला ते चित्र टेकवलेलं होतं. माझ्यापेक्षा उंच. टेबलाशी बसलेली बाई, दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही तळव्यांनी डोळे झाकलेले. पुढे काचेचे दोन पेले, खाली पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वाती. चेहरा नाहीच, फक्त हात. आणि ते हात असे रंगवले होते की बघणारा थांबून राहायचा, आता काढेल मग काढेल म्हणून.

आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावला की आपण डोळे उघडून ज्योतीला नमस्कार करतो. यांच्यात शुक्रवारी बाई दिवा लावते आणि डोळे झाकून आशीर्वाद म्हणते. मग हात काढते, आणि तिच्यासमोर शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, आलेला असतो.

"सारा अशीच गेली," बेन्या म्हणाला. "दिवे लावले, डोळे झाकले. मी आणि रिबा समोर बसलेलो. आम्हाला वाटलं आज जरा जास्त मागतेय. आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो रे दिन्या. रिबा म्हणाली, आई, पुरे की. पण हात खाली आलेच नाहीत."

मी काही बोललो नाही. हे माझ्या बाबतीत क्वचितच घडतं.

"दर शुक्रवारी दिव्यांनंतर सारा रिबाच्या डोक्यावर हात ठेवायची. मीही ठेवायचो, पण तिला आईचाच लागायचा. त्या दिवशी तो राहिला. तेव्हापासून ती दिवा लावत नाही. म्हणते, मी डोळे झाकले आणि माझेही हात निघाले नाहीत तर? म्हणून हे चित्र. समोर आई बसलेली असेल तर कदाचित..." त्याने वाक्य सोडून दिलं. "बस इथे. मी टेम्पो बघून येतो."

तो गेला. मी आणि त्या बाई.

आता प्रामाणिकपणे सांगतो, मी भित्रा माणूस आहे. आधी मी चित्राकडे बघत बसलो. मग लक्षात आलं की बोटांमधली फट मघापेक्षा रुंद वाटतेय. मग मी पाठ फिरवून बसलो. ते तर फारच वाईट. मानेला कुणीतरी बघतंय असं वाटायला लागलं, तेही डोळे झाकून. शेवटी मी उठलो आणि जवळ गेलो. मनगटावरून ओघळ उतरत होते. मीठ, मी स्वतःला सांगितलं. मीठ आहे, दमट हवा आहे.

आणि तेवढ्यात मला कोपऱ्यात ते दिसलं. खाली उजवीकडे तळहाताएवढी जागा कोरी! नुसता कॅनव्हास!

वाचकहो, मी आयुष्यभर पोरांच्या कागदांवर एकच शेरा मारत आलो: पार्श्वभूमी रंगवा, कागद कोरा ठेवू नका. कोऱ्या जागेचे मी गुण कापलेले आहेत. सूर्य पांढरा ठेवणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. माझी भीती कुठल्या कुठे गेली. मनात आलं, बेन्याच्या दुःखात राहून गेलं बिचाऱ्याचं, मित्र कशाला असतात? टेबलावर त्याचे ॲक्रिलिक रंग होतेच. मी जांभळट करडा अगदी हुबेहूब जुळवला. कोपरा भरला. आणि केवळ भरून थांबलो असतो तर तो मी कसला? दोन ज्योतींचं प्रतिबिंबही टाकलं, टेबलाच्या कडेवर. मागे सरून पाहिलं. छान दिसत होतं. खरं सांगायचं तर भीतीही वाटेनाशी झाली होती. हात आता नुसते रंगवलेले हात होते. त्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

बेन्या टेम्पो घेऊन आला तोवर रंग वाळला होता. तो घाईत होता, चित्र चादरीत गुंडाळताना त्याने कोपऱ्याकडे पाहिलं नाही. टेम्पोवाला आमच्याच साताऱ्याकडचा. चादर बांधताना त्याच्या हाताला ओल लागली.

"सायेब, ह्या बाई रडत्यात का काय?"

"मीठ आहे ते," मी शहाणपणाने म्हणालो.

"आसंल," तो म्हणाला. पण सबंध रस्ताभर त्याने आरसा फिरवून ठेवला होता, मागचं दिसू नये असा.

ऐरोली, शुक्रवार

दुपारी बेन्याने त्या खुर्चीपलीकडच्या भिंतीशी चित्र उभं केलं आणि चादर ओढली. तो मागे आला. पाहत राहिला. मी दाद येण्याची वाट बघत होतो.

"हे कुणी बुजवलं?"

त्याचा आवाज इतका खाली होता की मी ओळखलाच नाही.

"राहिलं होतं ना ते," मी म्हणालो. "म्हणून मीच जरा..."

बेन्याने माझं मनगट धरलं आणि मला दारासमोरच्या त्या उघड्या विटांपाशी नेलं. "हे बिल्डरने सोडलेलं नाही. मी सांगून ठेवून घेतलंय. माझे आजोबा नवगावच्या घरात ठेवायचे. सगळे नाही ठेवत आमच्यात, ते ठेवायचे. यरुशलेमचं मंदिर पडलं, ते उभं राहत नाही तोवर आपलंही घर पुरं करायचं नाही. दारातून आत आलं की आधी काय नाही ते दिसलं पाहिजे. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

"त्या चित्रात तेवढी एकच जागा खरी होती गाढवा. बाकी सगळा रंग आहे."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बसला. मग उठून चित्र भिंतीकडे तोंड करून वळवायला लागला. "राहू दे. तसंही ती लावणार नव्हतीच."

"थांबा पप्पा."

रिबा आतल्या दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही. चित्र घरी आल्यापासून ती त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती, जेवलीसुद्धा आत. ती आली ती थेट चित्रापाशी, हातांकडे न बघता खाली कोपऱ्याशी गुडघ्यावर बसली.

"हे प्रतिबिंब पण तुम्हीच काढलंत काका?"

"हो," मी म्हणालो. आवाज उंदराचा.

"कुणी सांगितलं होतं भरायला?" ती माझ्याकडे बघतच नव्हती. "वर्षभर हेच चाललंय. ऑफिसात म्हणतात ट्रेकला चल, मामी म्हणते मुलगा बघू, शेजारच्या काकू मांजर आणून देत होत्या. सगळ्यांना काहीतरी भरायचंय. रिकामं आहे ते रिकामं आहे ना! राहू द्या की तसंच!"

तिने बेन्याच्या डब्यातून रंगाची सुरी काढली आणि खरवडायला लागली.

पश्चिमेला खाडीपलीकडे मुलुंडच्या बाजूला सूर्य उतरत होता. सूर्य बुडाला की शब्बाथ, मग कुठल्याच कामाला हात लावायचा नाही, सुरीलाही नाही आणि काडीलाही नाही. दिवे त्याच्या आत लागले पाहिजेत. बेन्या खिडकीकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग परत खिडकीकडे. खर्र, खर्र, एवढाच आवाज. जांभळट करडी साल निघत होती, माझ्या त्या दोन ज्योती टाइल्सवर भुग्यासारख्या पडल्या. मी खाली बसून तो भुगा गोळा करू लागलो, तेवढंच माझ्या लायकीचं काम होतं.

आणि सांगतो, कॅनव्हास जसजसा उघडा पडत गेला तसतशी ती मानेवरची नजर परत आली. मी वर बघायचं टाळलं.

"पूर्ण नाही निघत," रिबा म्हणाली. धाग्यांत फिकट जांभळा डाग राहिला होता.

"राहू दे तेवढा," बेन्या म्हणाला. "निघतो तेवढाच निघतो."

ती तशीच बसून राहिली. बोटांना रंग, कपाळावर घाम. मग तिने पहिल्यांदा मान वर करून त्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मनगटावरून एक ओघळ कोपरापर्यंत आला होता, तो तिने ओढणीने पुसला. अगदी सहज, घरातल्या माणसाचं तोंड पुसावं तसा.

"तेल कुठंय पप्पा?"

बेन्याला एकदम काही सापडेना. पेले सापडले तर वाती नाहीत, वाती सापडल्या तर काडेपेटी ओली. काडेपेटी शेवटी माझ्या खिशात निघाली, विडीची. माझ्या व्यसनाचा एवढा उपयोग माझ्या बायकोनेही कधी मान्य केलेला नाही.

रिबाने ती खुर्ची भिंतीकडून वळवली आणि तिच्यात बसली. मागे आई, पुढे दिवे. तिने वाती लावल्या. ज्योतींवरून हात आपल्याकडे ओढल्यासारखे फिरवले, आणि डोळे झाकले.

"बारूख अत्ता..." तिने सुरुवात केली. पुढचं हिब्रू मला कळलं नाही. आवाज लहान होत गेला, थांबला.

हात खाली आले नाहीत.

खोलीत आता दोन बायका होत्या, एक पुढे, एक मागे, सारख्याच बसलेल्या. बाहेरचा उजेड करडा झाला. बेन्या माझ्या शेजारी उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत नव्हता. मी मनात म्हणत होतो, पोरी, काढ. पुरे, काढ. पण मोठ्याने कोण म्हणणार? एकदा म्हणून झालेलं होतं या घरात.

मला ते बघवेना. मी डोळे मिटले आणि मान खाली घातली.

तेव्हा माझ्या डोक्यावर हात पडला. टकलावर पडलेल्या हाताबद्दल माणसाची चूक होत नाही. तळवा छोटा होता, गार, किंचित ओलसर. दाबला नाही, नुसता ठेवला, जितका वेळ ठेवायचा असतो तितका. मला वाटलं बेन्याने माफ केलं. मी मुकाट्याने उभा राहिलो, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

"शब्बाथ शालोम," रिबाचा आवाज आला.

मी डोळे उघडले. तिचे हात खाली आले होते, डोळे लाल, चेहरा उघडा. आणि बेन्या टेबलाच्या पलीकडे होता, तिच्याजवळ. त्याचे दोन्ही हात तिच्या डोक्यावर होते. माझ्या शेजारी कुणीच नव्हतं.

मी काही बोललो नाही. या प्रवासातली ही दुसरी वेळ. जेवताना रिबा म्हणाली, "काका, तुम्ही एवढे गप्प का?" मी म्हणालो, मटणात तिखट कमी आहे. त्यावर बाप-लेक दोघंही हसले, आणि साताऱ्याकडच्या जिभेवर बोलत राहिले. मी जेवत होतो, पण डोकं अजून गार होतं. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी चुकून उचलल्या आहेत: दुसऱ्याची छत्री, दुसऱ्याच्या चपला, एकदा तर दुसऱ्याच्या लग्नातला आहेर. पण हे असलं काही दुसऱ्याच्या वाटचं माझ्याकडे येईल असं वाटलं नव्हतं. आणि छत्री परत तरी देता येते.

ऐरोली, रविवार

विमानतळाची टॅक्सी सकाळी आली. इमारतीखाली वारा सुटला होता, वरच्या रिकाम्या मजल्यांवरचं प्लास्टिक फडफडत होतं. बेन्या बॅगा ठेवण्याच्या निमित्ताने डिकीत डोकं घालून उभा होता, ते बाहेर काढायलाच तयार नव्हता. रिबा माझ्या पाया पडायला वाकली. आमच्याकडची रीत, ती तिने माझ्यासाठी पाळली.

मी कधी कुणाला आशीर्वाद देताना धड शब्द बोललेलो नाही. औक्षवंत हो की अखंड काय ते मला ऐनवेळी आठवत नाही. नुसता हात तिच्या डोक्यावर ठेवला. टकलावर जसा पडला होता तसाच, न दाबता, जितका वेळ ठेवायचा असतो तितका.

ती वाकलेलीच राहिली. मग सावकाश सरळ झाली आणि माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे म्हणजे माझ्या हाताकडे.

"काका," ती म्हणाली, "तुमचा हात किती गार आहे."